विश्लेषण : १५ सामने, १५ विजय… आणि प्रशिक्षकच गायब! मिशिगनच्या २०२३ च्या हंगामात नेमके काय घडले?

११ नोव्हेंबर २०२३. पेन स्टेट विद्यापीठाच्या मैदानावर लाखाहून अधिक प्रेक्षक, समोर देशातला दहाव्या क्रमांकाचा संघ आणि पाहुण्या मिशिगन संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला स्टेडियममध्ये पाऊल ठेवण्यास मनाई. निलंबनाचा आदेश आदल्या दिवशी, संघ सामन्यासाठी विमानाने निघालेला असताना आला होता. त्यातच तो दिवस सरकारी सुट्टीचा. न्यायालये बंद, त्यामुळे तातडीने स्थगिती मिळवण्याचा मार्गही जवळपास बंद.

सूत्रे आली साहाय्यक प्रशिक्षक शेरोन मूर यांच्याकडे. सलग ३२ वेळा मिशिगनने पास न टाकता चेंडू हातात घेऊन नुसती धाव घेतली. दुसऱ्या सत्रात एकाही पासची अधिकृत नोंद नाही. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर शेवटच्या दहा षटकांत एकही चेंडू हवेत न मारता सामना जिंकण्यासारखे. मिशिगन २४-१५ ने जिंकले आणि मैदानावरच कॅमेऱ्यासमोर मूर यांना रडू आवरेना. गैरहजर प्रशिक्षक जिम हार्बॉ यांचे त्यांनी पुन:पुन्हा आभार मानले.

दोन महिन्यांनी हाच संघ राष्ट्रीय विजेता झाला. त्यानंतर अवघ्या १६ दिवसांत हार्बॉ निघून गेले.

कॉलेजच्या खेळाचे एवढे कौतुक कशाला?

अमेरिकेतले फुटबॉल म्हणजे आपण पाहतो ते नव्हे. अंडाकृती चेंडू, ११ विरुद्ध ११ खेळाडू आणि चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकण्याची सक्ती. विद्यापीठांच्या संघांना तिथे जे वलय आहे, त्याची तुलना आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेशी होऊच शकत नाही. ॲन आर्बर या गावातील मिशिगनच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. तीन वानखेडे स्टेडियम मावतील, एवढी. प्रशिक्षकाचा पगार कोटी-कोटी डॉलरच्या घरात जातो आणि अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी कर्मचारी हा फुटबॉल प्रशिक्षकच असतो. खेळाडू मात्र त्या वेळी कागदोपत्री हौशी विद्यार्थीच होते. २०२१ पासून त्यांना स्वत:च्या नावावर जाहिरातींतून पैसे कमावता येऊ लागले, पण विद्यापीठाकडून थेट मोबदला नव्हता.

हार्बॉ हे मिशिगनचे घरचेच. १९८०च्या दशकात ते इथेच क्वार्टरबॅक होते, म्हणजे संघाचा हल्ला चालवणारा खेळाडू. पुढे प्रशिक्षक म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघाला त्यांनी सुपर बोलपर्यंत नेले आणि तिथे सख्ख्या भावाच्या संघाकडून हरले. २०१४च्या अखेरीस ते मिशिगनला परतले. २०२० चा हंगाम दोन विजय आणि चार पराभवांत आटोपला, तेव्हा विद्यापीठाने त्यांचा पगार कापला. २०२१ आणि २०२२ मध्ये संघ उपांत्य फेरीपर्यंत जाऊन हरला. तोवर व्यावसायिक लीगमधून, म्हणजे एनएफएलमधून, बोलावणी सुरू झालीच होती. २०२३ मध्ये त्यामुळे एक प्रश्न कायम हवेत होता : हे यंदा तरी थांबणार का?

एकाच हंगामात दोनदा निलंबन कशासाठी?

पहिले प्रकरण करोनाकाळातले. नव्या खेळाडूंना प्रत्यक्ष भेटण्यास बंदी असताना त्यांच्याशी संपर्क साधल्याचा आरोप झाला. त्यातला एका खेळाडूला खाऊ घातलेला बर्गर इतका गाजला की अख्ख्या प्रकरणाला त्याचेच नाव चिकटले. खरा गंभीर मुद्दा बर्गरचा नव्हता, चौकशी अधिकाऱ्यांची दिशाभूल केली का, हा होता. हार्बॉ यांनी ते नाकारले. विद्यापीठाने स्वत:हून त्यांना पहिल्या तीन सामन्यांपासून दूर ठेवले. आठवडाभर सराव घ्यायचा आणि शनिवारी घरी बसायचे, अशी ही शिक्षा. तिन्ही सामने मिशिगनने सहज जिंकले.

दुसरे प्रकरण जास्त खोल होते.

खुणा चोरल्या म्हणजे काय केले?

व्यावसायिक लीगमध्ये प्रशिक्षक खेळाडूच्या हेल्मेटमधल्या रेडिओवरून पुढची चाल सांगतो. कॉलेज फुटबॉलमध्ये २०२३ पर्यंत ही सोय नव्हती. सीमारेषेवरून हातवारे करायचे, चित्रांचे फलक उंच धरायचे आणि खेळाडूंनी त्यातून चाल ओळखायची. इंजिनीअरला विचाराल तर तो कपाळाला हात लावेल : संदेश गुप्त, पण तो प्रसारित होतो एक लाख लोकांसमोर, उघड्यावर!

या खुणा सामना सुरू असताना समोरच्या बाकावरून ओळखणे नियमात बसते. टीव्हीवरचे चित्रण पाहून अभ्यास करणेही चालते. चालत नाही ते पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या सामन्याला आधीच माणूस पाठवून टेहळणी करणे. त्यावर १९९४ पासून बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये उघड झाले ते हेच. मिशिगनचे एक कनिष्ठ कर्मचारी कॉनर स्टॅलियन्स यांनी ओळखीच्या लोकांना तिकिटे काढून देऊन प्रतिस्पर्ध्यांच्या खुणांचे मोबाइलवर चित्रण करवून घेतले होते. महाविद्यालयीन क्रीडा संघटना एनसीएएने पुढे दिलेल्या निकालानुसार तीन हंगामांत १३ प्रतिस्पर्ध्यांचे ५२ सामने अशा रीतीने टिपले गेले.

स्टॅलियन्स यांनी ३ नोव्हेंबरला राजीनामा दिला. आपल्याला यातले काही माहीत नव्हते, असे हार्बॉ यांचे म्हणणे. चौकशी संपायला वर्ष-दोन वर्षे लागणार हे दिसत असताना मिशिगन ज्या ‘बिग टेन’ गटात खेळते, त्याचे आयुक्त टोनी पेटिटी यांनी वाट न पाहता साखळीतील उरलेल्या तीन सामन्यांसाठी हार्बॉ यांना स्टेडियमबंदी केली. विद्यापीठ न्यायालयात गेले, पण सुनावणीच्या आदल्या दिवशी माघार घेऊन शिक्षा स्वीकारली.

मग संघ कोसळला का नाही?

उलटेच झाले. पेन स्टेटनंतरच्या शनिवारी मेरीलँडला ३१-२४ ने हरवून मिशिगनने एकूण हजारावा विजय नोंदवला. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात हा टप्पा गाठणारा हा पहिलाच संघ आणि त्या क्षणी मुख्य प्रशिक्षक मैदानात नाहीत.

२५ नोव्हेंबरला परंपरागत वैरी ओहायो स्टेट घरी आले. सामना १७-१७ असा अटीतटीचा असताना मिशिगनचा सहकर्णधार झॅक झिंटर याचा पाय मोडला. स्टेडियम सुन्न. त्याला गाडीवरून बाहेर नेले आणि लगेचच्या चालीत ब्लेक कोरमने २२ यार्ड धावत टचडाऊन केला. मग त्याने बोटांनी सहा आणि पाच असे आकडे दाखवले. झिंटरचा क्रमांक ६५. मिशिगन ३०-२४ ने जिंकले. आपल्याकडे एवढे चित्रपटात दाखवले असते, तर दिग्दर्शकाला नावे ठेवली असती.

हार्बॉ परतले आणि आयोवाला २६-० असे चिरडून गटाचे विजेतेपद मिळाले. १ जानेवारीच्या रोझ बोल उपांत्य सामन्यात अलाबामाविरुद्ध दीड मिनिट उरले असताना २०-२० अशी बरोबरी, मग जादा वेळेत २७-२० असा विजय. ८ जानेवारीला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनचा ३४-१३ असा पराभव. १९९७ नंतरचे हे पहिलेच राष्ट्रीय विजेतेपद आणि १९९७ मध्ये तेही नेब्रास्काबरोबर विभागून मिळालेले.

खुणा चोरूनच जिंकले, या आरोपात कितपत तथ्य? प्रकरण फुटले तेव्हा सात सामने झाले होते आणि त्यातला एकही प्रतिस्पर्धी फार तगडा नव्हता. पेन स्टेट, ओहायो स्टेट, अलाबामा, वॉशिंग्टन हे सगळे नंतर, स्टॅलियन्स बाहेर गेल्यावर आणि प्रतिस्पर्धी सावध झाल्यावर. त्यामुळे २०२३ च्या किताबाला लागलेला डाग समर्थक म्हणतात तितका फिका नसला, तरी विरोधक म्हणतात तितका गडदही नाही. अडचणीचा प्रश्न २०२१ आणि २०२२ चा आहे. त्याचे उत्तर मिशिगनचे चाहते सहसा देत नाहीत.

जिंकल्यावर प्रशिक्षक गेले कसे?

२४ जानेवारीला हार्बॉ यांनी लॉस एंजेलिस चार्जर्स या व्यावसायिक संघाची ऑफर स्वीकारली. तिथे एनसीएएचे नियम चालत नाहीत. शिक्षा अंगावर येण्याआधी त्यांनी पळ काढला, असे टीकाकारांचे म्हणणे. सुपर बोलचे अधुरे स्वप्न हे तेवढेच खरे कारण असू शकते. एकावेळी दोन्ही खरे असायला काहीच हरकत नाही.

तो जानेवारीच विलक्षण होता. मिशिगनने उपांत्य फेरीत हरवलेल्या अलाबामाचे दिग्गज प्रशिक्षक निक सेबन १० तारखेला निवृत्त झाले. त्यांच्या जागी गेले ते अंतिम फेरीत हरलेल्या वॉशिंग्टनचे केलन डीबोअर. दोन आठवड्यांत तिन्ही संघ पोरके झाले. अशा वेळी खेळाडूंना दुसरे विद्यापीठ गाठण्यासाठी तेव्हाच्या नियमाने ३० दिवसांची मुभा मिळे. मिशिगनने दोनच दिवसांत मूर यांना बढती दिली, त्यामागे ही घाईही होती. तरी किताब जिंकणारा संघ उरला नव्हताच : एप्रिलमधल्या एनएफएलच्या निवडीत मिशिगनचे १३ खेळाडू उचलले गेले. बचावाचे सूत्रधार जेसी मिंटर हार्बॉ यांच्यासोबत गेले. पुढच्या हंगामात आठ विजय, पाच पराभव.

शिक्षा शेवटी कुणाला झाली?

एनसीएएचा निकाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. पुरावे नष्ट केल्याने योजनेची खरी व्याप्ती कधीच कळणार नाही, असे त्यात म्हटले आहे. स्टॅलियन्स यांनी आपला फोन तळ्यात फेकला होता. मूर यांनी त्यांच्याशी झालेले ५२ संदेश पुसले होते, ते नंतर मिळवण्यात आले. २०२३ चा किताब काढून घेतला नाही. संघावर हंगामोत्तर सामन्यांची बंदी घालण्याइतका गुन्हा आहे, पण त्याची झळ आजच्या मुलांना बसेल, म्हणून त्याऐवजी दंड ठोठावला. तो दोन कोटी डॉलरच्या पुढे जाईल, असा अंदाज तेव्हाच वर्तवला गेला.

मूर यांना सामन्यांचे निलंबन मिळाले. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र विद्यापीठाने त्यांना वेगळ्याच कारणाने, एका कर्मचाऱ्याशी अनुचित संबंध असल्याचे सांगत, पदावरून काढले. हार्बॉ यांच्यावर बर्गर प्रकरणात चार वर्षांची आणि ती संपल्यावर आणखी १० वर्षांची बंदी आहे. या काळात कोणत्याही विद्यापीठाने त्यांना घेतले, तरी संघाच्या कामापासून दूर ठेवावे लागेल. ती बंदी ऑगस्ट २०३८ मध्ये संपेल, तेव्हा हार्बॉ ७४ वर्षांचे असतील.