पऱ्हाटी आणि सिमेंट

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग जामला येतो आणि तेथून चंद्रपूरचा रस्ता फुटतो. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्गुस, आवारपूर, गडचांदूर येथे सिमेंटचे मोठे कारखाने; इकडे दोन्ही अंगांस कपाशीची शेते. वेचणी संपली की पऱ्हाटी उपटायची, थोडी चुलीसाठी ठेवायची आणि उरलेली धुऱ्यावर पेटवायची, हा आपला रिवाज. ती पऱ्हाटी आणि ते सिमेंट एकत्र करून भिंतीचे तक्ते करता येतील काय, आणि तेही हवेत कमी कर्बवायू सोडून, एवढाच येथील प्रश्न आहे.

प्रथम सिमेंटचे पाहू. चुनखडी व माती सुमारे १,४५० अंशांवर भाजून क्लिंकर होतो. तो जिप्समबरोबर दळला की सिमेंट. सारा दोष कोळशाचा, असे पुष्कळांस वाटते. परंतु अर्ध्याहून अधिक कर्बवायू खुद्द दगडातून निघतो. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली, तर ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कर्बवायू निघतो. भट्टी कशानेही पेटवा, हा हिशेब चुकत नाही. म्हणून क्लिंकरच कमी वापरावा, हा सरळ मार्ग होय.

आता लाकडाचे. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीचे तक्ते केले, ते कृत्रिम राळेने चिकटवून. सिमेंटने चिकटवायचे तर दोन अडचणी येतात. लाकडातील साखर सिमेंटला वेळेवर घट्ट होऊ देत नाही; त्यासाठी चुरा गरम पाण्यात धुवावा लागतो. दुसरी अडचण सावकाश उघडी पडते. सिमेंट घट्ट होताना मोकळा चुना सुटतो आणि ओल लागत गेली की तो वनस्पतीच्या धाग्यांना खातो.

फ्रेंच रसायनज्ञ सोरेल याने १८६७ साली काढलेले मॅग्नेशिया सिमेंट लाकडाशी चांगले जमते. पण ते पाण्याने कमजोर होते, आणि त्याचा दगड भाजताना चुनखडीहूनही अधिक कर्बवायू निघतो.

नव्या मिश्र सिमेंटात निम्माच क्लिंकर असतो. सुमारे ३० टक्के भाजलेली चिनी मातीच्या जातीची माती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी, ५ टक्के जिप्सम. मातीला सुमारे ८०० अंश पुरतात आणि तिच्यातून निघते ते पाणी. कर्बवायू सुमारे तीस ते चाळीस टक्के घटतो. दिल्लीच्या आयआयटीने यावर काम केले आणि २०२३ साली त्याचे भारतीय मानकही निघाले. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, भाजलेली माती तोच मोकळा चुना बांधून टाकते. म्हणजे ज्याने हवा वाचते, त्यानेच धागाही वाचतो. वीजकेंद्राची राख हेच काम करते, परंतु सावकाश. तक्ते साच्यात अधिक काळ ठेवावे लागतात. चुरा धुण्याचे काम मात्र या दोहोंनीही टळत नाही.

येथवर रसायन झाले. परंतु तक्ता माणसे करतात. अॅस्बेस्टॉसचा पत्राही एके काळी स्वस्त नवलाई म्हणूनच आला. त्याचा धागा कामगारांच्या फुप्फुसांत किती खोल गेला, हे कळायला दशके लागली. पऱ्हाटीचा धागा त्याची जागा घेऊ शकतो, ही मोठीच गोष्ट. तथापि पऱ्हाटीचा भुसा, माती आणि राख यांचीही धूळच उडते. तेव्हा दळणयंत्राला धूळ ओढणारा पंखा, मजुराला दरवर्षी छातीची तपासणी आणि शेतकऱ्याला पऱ्हाटीचा रोख भाव, या तीन गोष्टी कारखान्याच्या पहिल्या नकाशातच असल्या पाहिजेत. मागाहून त्या मिळवण्यास किती संप लागतात, हे आम्ही जाणतो.