जुन्या फोटोतला गणवेश कसा वाचायचा

आजचं बोलणं खास शिलाईकाम करणाऱ्या गटांसाठी आहे. पण ज्यांच्या घरात भिंतीवर एखादा जुना फोटो टांगलेला आहे, त्यांनीही ऐकावं.

ऑगस्ट-सप्टेंबर आला की आपल्या जिल्ह्यात शाळाशाळांतून पोशाखांची मागणी सुरू होते. 9 ऑगस्टला क्रांती दिन आणि जागतिक आदिवासी दिन, मग 15 ऑगस्ट, आणि 9 सप्टेंबरला शिरीषकुमारचा स्मृतिदिन. 1942 साली नंदुरबारात मिरवणुकीवर गोळीबार झाला, त्यात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. या कार्यक्रमांत मुलं नाटुकली करतात, चित्ररथ काढतात. मग सैनिक हवे असतात. सैनिक म्हटलं की भाड्याच्या दुकानातून चकचकीत हिरवा-तपकिरी ठिपक्यांचा ड्रेस येतो. 1943 ची आझाद हिंद सेना असो नाहीतर 1915 ची मराठा पलटण, सगळ्यांना तोच ड्रेस! कोण बघतंय, असं म्हणतात. आपण बघायचं, असं आमच्या गटाने ठरवलं. शिलाई येणाऱ्या बाईला फोटोत जे दिसतं, ते बाकीच्यांना दिसत नाही.

उदाहरण घेऊ झाशीची राणी रेजिमेंटचं, कारण मुलींच्या शाळा हेच मागतात. जुलै 1943 मध्ये सिंगापुरात नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी बायकांची पलटण उभी करायचं ठरवलं. तिथे दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर लक्ष्मी स्वामिनाथन पुढे आल्या. त्यांनाच आपण नंतर कॅप्टन लक्ष्मी सहगल म्हणून ओळखू लागलो. 12 जुलैला वीस बायकांनी नेताजींना पहिली मानवंदना दिली ती साडी नेसून, खांद्यावर रायफल घेऊन. गणवेश नंतर आला. ऑक्टोबरात शिबिर सुरू झालं. मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या मजूर घरांतल्या कितीतरी मुली त्यात भरती झाल्या.

आता फोटो समोर ठेवा. लक्ष्मीताई आणि नेताजी रांगेची पाहणी करताहेत, असे फोटो मोबाइलवर सहज सापडतात. एकच फोटो घेऊ नका, चार-पाच घ्या. एकात टोपी नीट दिसते, दुसऱ्यात खिसा, तिसऱ्यात पाठ. पाठीचा फोटो मिळाला तर सोन्यासारखा जपा, कारण पाठ कुणी काढतच नाही आणि शिवताना अडतं तिथेच.

टोपी बघा. आपण गांधीटोप्या शिवतो, तिचीच ही खाकी बहीण. घडी तशीच, फक्त डोक्यावर तिरकी बसवलेली. खाली ब्रीचेस. ही विजार मांडीला सैल आणि गुडघ्याखाली पोटरीला घट्ट असते. वरून सलवार, खालून चुडीदार, असं म्हटलं की आमच्या बायकांना कटिंग लगेच कळलं. कमरेला पट्टा, त्यामुळे शर्टाला चुण्या कुठे पडतात तेही दिसतं.

मग माप. फोटोत माप कुठे लिहिलेलं असतं? लिहिलेलं असतं, फक्त ते रायफलीवर. त्या काळातली लहान ली-एनफिल्ड रायफल साडेचव्वेचाळीस इंच लांब. पहिल्या महायुद्धापासून आपल्याकडचे शिपाई हीच वापरत होते, आणि आझाद हिंद सेनेच्या हातातही इंग्रजांकडून आलेल्या अशा रायफली होत्या. फोटोतली रायफल पट्टीने मोजा. समजा ती साडेचार सेंटिमीटर भरली, तर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे खरे दहा इंच, थोडे कमीच. आता खिसा मोजा. अर्धा सेंटिमीटर भरला तर खिसा पाच इंचांचा. अट एवढीच, की रायफल आणि खिसा कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवेत आणि रायफल सरळ उभी हवी. तिरकी धरलेली असेल तर ती फोटोत आखूड दिसते आणि सगळं माप मोठं येतं.

कापडाचं काय? कोपर बघा, गुडघ्याची मागची बाजू बघा. सुती कापड तिथे चुरगळतं आणि चुरगळलेलंच राहतं. टेरिकॉट तसं पडत नाही. शिवाय 1943 मध्ये टेरिकॉट बाजारात नव्हतंच. म्हणून सुती ड्रिल घ्यावं. पहिली धुलाई आधीच करून टाका, म्हणजे आटायचं ते आटेल आणि नवेपणाची चमकही जाईल. चेन आणि चिकटपट्टी वापरू नका. बटणंच लावा.

रंगात मात्र फोटो फसवतो, आणि फोटो जितका जुना तितका जास्त. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोच्या काचेला निळा रंग चटकन दिसायचा, लाल जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळा कोट फोटोत फिकट येई आणि लालभडक कोट काळाकुट्ट. पिवळंही गडद दिसे. कंपनी सरकारच्या फौजेत लाल कोट पुष्कळ होते. म्हणजे त्या वेळच्या फोटोत काळा दिसणारा कोट पाहून काळं कापड फाडलं, की सगळं चुकलं. अशा वेळी रंगासाठी त्या काळातलं हाताने रंगवलेलं चित्र किंवा लिखित वर्णन शोधावं लागतं. फोटोवरून कट घ्या, रंग दुसरीकडून घ्या. हल्ली मोबाइलवर जुने फोटो आपोआप रंगीत करून मिळतात. ते रंग मशीनने अंदाजाने भरलेले असतात. त्यावर कापड खरेदी करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

फोटो कधी उलटाही छापलेला असतो. आरशात दिसावा तसा. पदकं बघा, ती छातीच्या डाव्या बाजूला लावतात. रायफलीचा खटका ओढायची दांडी उजव्या बाजूला असते. दोन्ही उलट दिसली तर फोटो उलटा आहे, आणि मग पट्टा, खिसा, बटणपट्टी सगळंच फिरवून घ्यायचं.

पहिल्या महायुद्धाची मागणी कमी येते, पण आली तर शिवायला सोपी. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी आजच्या इराकात लढल्या आणि कुत गावच्या वेढ्यात अडकल्या. 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत तो वेढा चालला, शेवटी उपासमारीने शरणागती आली. त्या काळच्या आपल्या शिपायांच्या फोटोत खाकी लांब सदरा, डोक्याला पागोटं आणि पायाला गुंडाळलेली पट्टी दिसते. इंग्रजांनी तो शब्द आपल्याकडूनच उचलला आणि त्याचा ‘पटी’ केला. खाकीही आपल्याच बाजूची. फारसीत खाक म्हणजे धूळ, आणि असा धुळीचा रंग फौजेत पहिल्यांदा वापरला तो 1846 च्या सुमारास पेशावरकडच्या एका पलटणीने.

आता आपल्या भागाचं. खानदेशात 1825 साली जेम्स ऊट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल तरुणांची पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला होतं. पुढे 1891 मध्ये ती पोलिसांत मिसळली. आणि 1857 च्या उठावात सातपुड्यात खाज्या नाईक, भीमा नाईक इंग्रजांविरुद्ध लढले, 1858 च्या एप्रिलात अंबापाणीची लढाई झाली. म्हणजे आपलीच माणसं गणवेशात होती आणि गणवेशासमोरही होती. नाटकात हे आलं की पोशाखाची जबाबदारी वाढते. बऱ्याच ठिकाणी गणवेशवाल्याला नीट कोट मिळतो आणि भिल्ल वीराच्या अंगावर झाडाची पानं आणि डोक्यात पिसं. आमच्या गटात भिल्ल, पावरा घरांतल्या बायका आहेत. त्यांनी सांगितलं, आमचे आजे पानं नेसून कधी फिरले नाहीत. आम्ही हे काम घेताना आधीच सांगतो: लंगोट किंवा आखूड धोतर, फेटा, अंगावर पांघरूण, हातात बांबूचं धनुष्य. पानं, पिसं मिळणार नाहीत. एका ठिकाणची ऑर्डर यामुळे गेली. गेली तर गेली.

आजच्या सैन्याच्या गणवेशाचं काम मात्र घेऊ नका. सैन्याने 2022 मध्ये आणलेल्या नव्या ठिपक्यांच्या नक्षीचे हक्क नोंदवलेले आहेत, आणि शिपाई असल्याचं भासवण्यासाठी सैन्याचा वेश घालणं हा गुन्हाही आहे. नाटकाचा ऐतिहासिक पोशाख वेगळा.

पैशाचं बोलते. फोटो शोधायला, मोजायला, कागदावर कट काढायला जो वेळ जातो, तो आपण बिलात धरतच नाही. मशीनवर बसलो तेवढंच काम, असं आपल्यालाच वाटतं. आम्ही आता बिलात ‘नमुना तयार करणे’ अशी वेगळी ओळ लिहितो आणि ती रक्कम शोधणाऱ्या दोघींना मिळते. मुख्याध्यापकांनी विचारलं तर फोटो आणि मोजलेला कागद दाखवायचा. कागद दिसला की घासाघीस कमी होते. काढलेला नमुना फाडू नका, पुठ्ठ्यावर चिकटवून मापं लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तोच कामी येतो.

आणि घरी जुना फोटो असेल, पलटणीतला, पोलिसातला, होमगार्डमधला, तर तो फ्रेममधून ओढून काढू नका. चिकटलेला असला तर फाटतो. दुपारी सावलीत, दाराजवळ ठेवून मोबाइलवर त्याचा फोटो घ्या, काच चमकत असेल तर जरा तिरपा धरा. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारून नाव, गाव आणि साल फ्रेमच्या मागच्या कागदावर पेन्सिलीने लिहा. पेन वापरू नका, शाई आरपार उतरते. मोबाइलवरचा फोटो गटाच्या पुढच्या बैठकीत घेऊन या.