आधी पारख, मग डागडुजी

व्यापारी मनुष्य माल डोळे मिटून घेत नाही. गव्हाचे पोते दारात उतरले की आम्ही प्रथम लोखंडी नळी खुपसून त्याच्या पोटातला नमुना काढतो, तळहातावर पसरतो, दाणा दाताखाली फोडून ओलावा पाहतो, आणि मगच भाव बोलतो. हीच शिस्त घरातील जुन्या हत्यारांस आणि यंत्रांस लावावी, एवढे सांगण्याकरिता हा लेख आहे. आमचा व्यवसाय घाऊक धान्याचा व शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. विद्युत्शास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. परंतु गेली पुष्कळ वर्षे पेढी बंद झाल्यानंतरचा फुरसतीचा वेळ आम्ही जुनी हत्यारे आणि व्हॉल्व्हचे रेडिओ नीट करण्यात घालविला आहे. त्यातून जे पक्के कळले, तेवढेच सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची वडिलार्जित पेटी खाली उतरते. तीत गंजलेला रंधा, दांडा सैल झालेली हातोडी, दात बोथट झालेली करवत आणि बाजूस धुळीने माखलेला मोठा रेडिओ असतो. अशा वेळी घरात दोन मते पडतात. एक मत म्हणते, भंगारवाल्यास किलोच्या भावाने देऊन टाका. दुसरे मत अधिक उत्साही असते. ते म्हणते, लावा पिन आणि पाहू वाजतो का! पहिल्या मताने वस्तू जाते. दुसऱ्या मताने वस्तू तर जातेच, पण प्रसंगी घरास आग लागते किंवा माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून या दोहोंमधला, पारखीचा मार्ग आम्हांस श्रेयस्कर वाटतो.

पारडी बदलून पाहणे

पारखीचे मूळ तत्त्व आपणा व्यापाऱ्यांस तागडीनेच शिकविले आहे. तराजूची दांडी दोन्ही बाजूंस समान लांबीची नसेल तर काटा मध्यावर उभा राहूनही वजन खोटे पडते. ते ओळखावयाचे कसे? एका पारड्यात माल व दुसऱ्यात वजन ठेवून काटा जुळवावा, आणि मग माल व वजन यांची अदलाबदल करावी. तराजू खरा असेल तर काटा पुन्हा मध्यावर येईल. खोटा असेल तर एक पारडे खाली जाईल, आणि दोष दुपटीने वाढून डोळ्यांस दिसेल. वस्तूची परीक्षा तिलाच उलटून घेण्याची ही युक्ती आहे. तीस दुसरे महागडे साधन लागत नाही.

सुताराच्या गुण्यासही हीच कसोटी लावावी. सरळ कडेच्या फळीस गुण्या टेकवून एक रेघ मारावी. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर काटकोन खरा आहे. फाकल्या, तर जेवढे अंतर दिसते त्याच्या निम्मा दोष गुण्यात आहे असे समजावे. पाणसळीचेही तसेच. ती एका जागी ठेवून बुडबुडा कोठे आहे ते पाहावे आणि मग त्याच जागी तिची टोके फिरवून ठेवावी. बुडबुडा दोन्ही वेळा खोलीच्या एकाच दिशेस सरकला तर जमीन उतरती आहे. पाणसळीबरोबर तोही फिरून दुसऱ्या दिशेस गेला तर खुद्द पाणसळच सदोष आहे. आमच्या अनुभवात नव्या चकचकीत गुण्यापेक्षा गंजलेला जुना गुण्या अधिक खरा निघाल्याची उदाहरणे कमी नाहीत. भंगारात टाकण्यापूर्वी दोन रेघा मारण्याइतका वेळ प्रत्येकाजवळ असतो.

लोखंड व लाकूड

गंज पाहून घाबरू नये. वरवरचा तांबूस गंज रॉकेलमध्ये भिजवून पितळी तारेच्या ब्रशाने निघतो. मात्र धारेच्या कडेजवळ गंजाने खोल खळगे पाडले असतील तर ते पाते पुन्हा नीट धरेल अशी आशा धरू नये. पटाशीस धार लावताना प्रथम तिची सपाट पाठ धारेच्या दगडावर सपाट करून घ्यावी. पाठ वाकडी असेल तर पुढून कितीही घासले तरी धार उभी राहत नाही. विजेच्या सहाणेवर पाते निळे पडू देऊ नये. निळा रंग आला म्हणजे पोलादाचे पाणी उतरले. थोडे घासावे, पाण्यात बुडवावे, पुन्हा घासावे. हातोडीचा सैल दांडा खिळे ठोकून बसविण्याची घाई करू नये. वाळलेल्या बाभळीचा नवा दांडा तासून पाचर मारावी.

मापांचाही एक घोळ ध्यानात ठेवावा. आपल्या देशात मेट्रिक वजने १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पासून ती सक्तीची झाली. शेर-मण गेले व किलो आला. परंतु जुनी इंग्लिश यंत्रे, पाने व स्क्रू हे इंचांच्या व इतर ब्रिटिश मापांचेच राहिले. जुन्या रेडिओतील स्क्रूंचे आटे पुष्कळदा ब्रिटिश पद्धतीचे असतात. बाजारातील मिलिमीटरचा स्क्रू तेथे जोराने बसवू गेल्यास आटे कायमचे जातात. पायलीने मोजलेल्या मालास किलोचा भाव लावण्यासारखेच ते आहे.

आता एक गोष्ट विशेष आवर्जून सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांची गोदामे राहत्या घरास लागून असतात. लाकडी दांड्यांस जवसाचे तेल लावण्याची चाल चांगली आहे. ते वाळून लाकडावर टिकाऊ थर देते. परंतु हे तेल हवेतील प्राणवायू शोषून वाळते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकले तर ती उष्णता आतल्या आत कोंडते, आणि काडी न लावता फडके पेट घेऊ शकते. बारदानाच्या ढिगाशेजारी असे फडके पडणे म्हणजे काय, हे धान्याच्या व्यापाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून काम संपताच फडके उघड्यावर एकेरी पसरून वाळवावे, अथवा पाण्यात बुडवून ठेवावे. या नियमास अपवाद करू नये.

रेडिओची परीक्षा

आता रेडिओकडे वळू. आपल्या पिढीस व्हॉल्व्हचा रेडिओ म्हणजे काय हे सांगावयास नको. त्याकरिता पोस्टात शुल्क भरून परवाना काढावा लागे. बाजारभाव, बातम्या, १९५७ साली सुरू झालेली विविध भारती आणि सिलोनची गाणी त्यावरच घरोघर आली. ठाण्यात मर्फीचा कारखाना होता. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून व्हॉल्व्ह तयार होऊ लागले. हे सेट मजबूत बांधणीचे आहेत, परंतु चाळीस-पन्नास वर्षे पडून राहिलेल्या सेटमधील काही भाग निश्चित खराब झालेले असतात. त्यास एकदम विजेशी जोडणे म्हणजे नमुना न पाहता गाडीभर माल उतरवून घेणे होय.

प्रथम पिन न लावता मागची फळी काढावी आणि डोळे व नाक वापरावे. उंदराचे घरटे, वेष्टण तडकलेली रबरी वायर, फ्यूजच्या जागी कोणी तरी गुंडाळलेली जाड तार, ट्रान्सफॉर्मरमधून गळलेले डांबर, जळका वास, हे सारे फुकट मिळणारे पुरावे होत. व्हॉल्व्हच्या काचेच्या आत आरशासारखा चकचकीत डाग असतो. तो चांदीसारखा असेल तर व्हॉल्व्ह निर्वात आहे. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली व व्हॉल्व्ह संपला. धूळ पुसताना काचेवरील नंबर मात्र पुसू नये. ती अक्षरे बोटानेही निघतात, आणि नंबर गेला की ओळख गेली.

त्या नंबरातही एक उपयुक्त खूण आहे. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर तंतूचे परिमाण सांगते. ईएल ८४, ईसीएच ८१ अशा ‘ई’ने सुरू होणाऱ्या व्हॉल्व्हचा तंतू ६.३ व्होल्टचा असतो. असे सेट बहुधा ट्रान्सफॉर्मरवर चालतात. यूसीएच ८१, यूएल ८४ असे ‘यू’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह दिसले तर सावध व्हावे. हा एसी-डीसी सेट होय. काही शहरांत पूर्वी एकदिश प्रवाह होता, त्याकरिता हे सेट निघाले. त्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि लोखंडी चासी थेट विजेच्या एका तारेस जोडलेली असते. बटन निघालेला दांडा किंवा मागचा स्क्रू यांस हात लागला तरी प्राणघातक झटका बसू शकतो. अशा सेटवर विलगक ट्रान्सफॉर्मर मध्ये घातल्याखेरीज कोणीही काम करू नये. नवशिक्याने तर त्यास हातच लावू नये.

सर्वांत बेभरवशाचा भाग कंडेन्सर. मोठे फिल्टर कंडेन्सर पडून राहिल्याने त्यांच्यातील आवरण क्षीण होते, आणि एकदम पूर्ण दाब आला की ते शॉर्ट होतात व ट्रान्सफॉर्मर जाळतात. मेणाचे कागदी कंडेन्सर वर्षानुवर्षे दमट होऊन गळके होतात. त्यांतही एक कंडेन्सर निर्णायक आहे: आऊटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला आवाज पोचविणारा. तो गळका असेल तर ग्रिडवर धन दाब चढतो, व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो, त्याची पट्टी लाल होते आणि बरोबर आऊटपुट ट्रान्सफॉर्मरही जातो. दहा-वीस रुपयांच्या भागापायी शेकडो रुपयांचा भाग जळावा, हा व्यवहार कोणत्या वहीत बसतो? म्हणून फिल्टर कंडेन्सर आणि हा एक कंडेन्सर आम्ही प्रथम बदलतो. नवा भाग तितक्याच क्षमतेचा आणि तितक्याच किंवा अधिक व्होल्टचा असावा.

यानंतर सिरीज बल्ब. साठ वॉटचा तंतूचा बल्ब सेटच्या एका तारेत मालिकेने जोडावा. एलईडी दिवा येथे उपयोगी नाही. मागील बाजूस दाब निवडण्याची सोय असल्यास ती सर्वांत वरच्या आकड्यावर ठेवावी. प्रथम सारे व्हॉल्व्ह काढून वीज द्यावी. बल्ब जेमतेम मिणमिणला तर ट्रान्सफॉर्मर ठीक आहे. पूर्ण तेजाने पेटला तर तेथेच थांबावे. मग व्हॉल्व्ह बसवून पुन्हा पाहावे. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर सेट आपला प्रवाह प्रमाणात घेत आहे असे समजावे. बल्ब उजळ राहिला तर दोष आत आहे, आणि बल्बाने तो स्वतःवर घेऊन सेट वाचविला आहे.

खऱ्या-खोट्याची साक्ष

मल्टिमीटरवरही आंधळा विश्वास नको. प्रथम नव्या सेलवर मीटर लावावे. दीड व्होल्टच्या आसपास आकडा आला की मीटर खरे बोलते. मग संशयित जागा तपासावी, आणि पुन्हा मीटर सेलवर लावून पाहावे. मध्यंतरी मीटरची तार तुटली असेल तर ‘वीज नाही’ ही त्याची साक्ष खोटी, आणि त्या खोट्या साक्षीवर हात घालणे घातक. ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्येही फिल्टर कंडेन्सरवर अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात आणि पिन काढल्यावरही ते काही काळ टिकतात. हजार ओहमचा जाड रेझिस्टन्स, वेष्टण असलेल्या चिमट्याने धरून, त्यावर लावावा, दाब शून्यावर आल्याची मीटरने खात्री करावी, मगच हात घालावा. चालू सेटमध्ये मोजमाप करताना एक हात खिशात ठेवावा. पायात चप्पल असावी, जमीन कोरडी असावी आणि घरात दुसरे माणूस असावे.

किती करावे, किती सोडावे

नूतनीकरणाचा लोभ आवरावा. डायलच्या काचेवरील स्टेशनांची नावे मागील बाजूस छापलेली असतात. ओले फडके लागले की मुंबई, दिल्ली, सिलोन एका पुसण्यात नाहीसे होतात. काढलेला प्रत्येक जुना भाग पुडीत बांधून, जागा लिहून, पेटीतच ठेवावा. आम्ही प्रत्येक सेटकरिता रोजमेळासारखी एक वही ठेवतो: तारीख, कोणता भाग काढला, कोणता घातला, कोठे किती व्होल्ट मिळाले. पुढे दोष उद्भवला तर ती वही अर्धे काम करते.

खरेदी करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की जुन्या बाजारात वरून लाखेचे पॉलिश केलेले आणि आतून पोकळ सेट पुष्कळ येतात. मागची फळी उघडू न देणारा विक्रेता आणि पोत्यात नळी घालू न देणारा अडत्या यांत आम्ही फरक करीत नाही. व्हॉल्व्हची चिंता मात्र फार नको. ईएल ८४ सारखे व्हॉल्व्ह संगीताच्या अँप्लिफायरकरिता रशिया व स्लोव्हाकिया येथे आजही तयार होतात. ईसीएच ८१ सारख्यांस मात्र जुन्या साठ्याचाच आधार आहे. मध्यम व लघु लहरींवरील प्रक्षेपणे गेल्या काही वर्षांत पुष्कळ कमी झाली, हे खरे. तथापि अनेक सेटांच्या मागे ग्रामोफोनकरिता ठेवलेली जोडणी असते. ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्ये, जाणकाराकडून तपासून घेऊन, तीवर आजचे संगीतही ऐकता येते. एसी-डीसी सेटला मात्र असे काहीही जोडू नये.

या साऱ्यात पैशाचा नफा आहे काय? हिशेब मांडला तर तो थोडाच निघेल. परंतु डागडुजी ही क्षुद्र गोष्ट नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे लहानसे दुकान काढले; त्या दुरुस्तीच्या हातांतूनच पुढे नांगर व यंत्रे घडली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. वस्तू उघडून तिचा स्वभाव जाणणारा हात हीच खरी पुंजी होय. आज आपल्या गावोगावीचे जुने रेडिओ-कारागीर वृद्ध झाले आहेत, काही निवर्तले आहेत, आणि त्यांच्या बोटांतले ज्ञान कोणी लिहून ठेवलेले नाही. सभासदांस आमची विनंती इतकीच की, माळ्यावरचा सेट भंगारात घालण्यापूर्वी अशा एखाद्या कारागिरास सन्मानाने घरी बोलवावे, त्याची मजुरी न घासता द्यावी, आणि घरातील एका तरी मुलास वा मुलीस वही-पेन्सिल घेऊन त्याच्याशेजारी बसवावे. सेट वाजला तर उत्तमच. न वाजला तरी पारख कशी करावी हे त्या मुलाने पाहिलेले असेल, आणि आपल्या पेढ्यांचा पुढचा कारभार त्या पारखीवरच चालावयाचा आहे.