पाहुण्यांना दाखवावा असा किनारा

सुटी लागली की चलथाणच्या स्थानकावर खानदेशाकडून येणाऱ्या गाड्यांतून ओळखीची माणसे उतरू लागतात. कुणाच्या हाती पापड-कुरडयांचा डबा, कुणाकडे कळण्याच्या पिठाची पिशवी, कुणाच्या मागे तीन-चार मुले. भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबार असा प्रवास करीत, अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत असलेले नवापूरचे स्थानक ओलांडून ही मंडळी चार दिवस आपल्याकडे राहावयास येतात. पहिला दिवस गप्पांत जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी प्रश्न उभा राहतो : यांना दाखवायचे काय?

बहुतेक घरांत याचे उत्तर ठरलेले असते. सुरतेच्या कापडबाजारात साड्या, परतताना घारी, आणि मुलांच्या हट्टाखातर एखादा चित्रपट. वर यजमानांचे एक वाक्य हमखास ऐकू येते : "येथे पाहण्यासारखे काही नाही हो, आम्ही आपले पोटासाठी येऊन राहिलो." साखर कारखान्याच्या सावलीत ज्यांची दुसरी-तिसरी पिढी वाढली, तेही हेच म्हणतात. मीही पुष्कळ वर्षे म्हणत आलो. वास्तविक धुळ्याहून नवापूर, बारडोली, कडोदरा असा जो राजमार्ग आपल्या शेजारून जातो, तो पुढे हजिऱ्यास थेट समुद्रापाशी जाऊन थांबतो. (त्याचे दुसरे टोक ओडिशात पारादीपला, तेही समुद्रावरच!) परंतु त्या रस्त्याने पाहुण्यास घेऊन शेवटपर्यंत जावे, हे आपल्या मनात क्वचितच येते.

माझ्या मनात ते आले एका आत्याबाईंमुळे. त्या प्रकाशाजवळच्या खेड्यातल्या, सत्तरी ओलांडलेल्या. तापी-गोमाईच्या संगमावर जन्मभर स्नान केलेले, पण समुद्र कधी पाहिलेला नाही. साड्यांच्या दुकानात त्या कंटाळून बसल्या. परतताना रिक्षा पुलावर आली, तेव्हा खाली पाहून त्यांनी हात जोडले आणि विचारले, "ही आपलीच तापी ना रे? मग पुढे कुठे जाते?" मला उत्तर ठाऊक होते, पण ते पुस्तकातले. मुलताईला उगम पावून, चांगदेवापाशी पूर्णेला पोटात घेऊन, भुसावळ, प्रकाशे, उकाई करीत ७२४ किलोमीटर आलेली नदी डुमस आणि हजिरा यांच्यामध्ये समुद्राला मिळते, हे मी मुलांच्या भूगोलात वाचले होते. पाहिले मात्र नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही डुमसला गेलो. सुरतेपासून वीसएक किलोमीटर. चलथाणहून निघालो तर तासाभराहून थोडा अधिक वेळ. पहिली नजर टाकताच मी खजील झालो. समुद्र दूर मागे गेलेला, मध्ये काळ्या चिखलाचे पटांगण, पलीकडे हजिऱ्याच्या कारखान्यांची धुरांडी. कोकणातला निळा-पांढरा किनारा डोळ्यांसमोर असलेल्या माणसाने तोंड फिरवावे असेच ते दृश्य. आत्याबाई मात्र काळी वाळू मुठीत घेऊन पाहत बसल्या. "ही तर आपल्या वावरातली माती," त्या म्हणाल्या. भूगोलाच्या पुस्तकापेक्षा त्यांचेच अधिक बरोबर होते. दख्खनच्या काळ्या पाषाणावरून वाहत येणाऱ्या नद्या शतकानुशतके जो गाळ आणतात, तोच येथे येऊन विसावतो. किनाऱ्यावरच्या दरिया गणेशाचे दर्शन घेऊन आम्ही टोमॅटोची भजी मागवली (डुमसला जाऊन ती न खाणारा मनुष्य मी अद्याप पाहिलेला नाही) आणि पाण्याची वाट पाहू लागलो.

येथे एक प्रसंग ओढवता ओढवता टळला, तो सांगणे माझे कर्तव्य आहे. मुले ओहोटीच्या पाण्यामागे धावत दूर गेली. त्यांच्या पाठीमागे पोटरीभर चिखल होता आणि बाजूच्या खोलगट ओघळींतून पाणी हळूच आत शिरू लागले होते, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानी आले नाही. मक्याची कणसे भाजणाऱ्या एका माणसाने ते पाहिले, गुजरातीतून मोठ्याने ओरडत तो धावला आणि मुलांना वळवून घेऊन आला. मग त्याने मला जे सुनावले, ते मी मुकाट्याने ऐकून घेतले. खंभातच्या आखातातील भरती-ओहोटी आपल्या देशात सर्वांत मोठी आहे. किनारा सपाट असल्यामुळे पाणी लांबवर मागे जाते आणि परतते तेव्हा समोरून लाटा घेऊन येत नाही, बाजूच्या ओघळींतून शिरून माणसाला मागून गाठते. वाहने वाळूवर नेणाऱ्या हौशी लोकांच्या गाड्या चिखलात रुतून बसतात, त्याचेही कारण हेच.

म्हणून या किनाऱ्यावर जाणाऱ्याने आधी तिथी पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण मोठे आणि ओहोटीही तितकीच लांब. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. भरतीची वेळ दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणातील कोळी तिथीला तिनाने गुणून चाराने भागतात आणि भरतीचा तास काढतात. ते गणित मुंबईस लागू पडते, आमच्याकडे जसेच्या तसे लागत नाही. आखातात शिरता शिरता भरतीस उशीर होत जातो. तेव्हा त्या दिवशीची वेळ स्थानिक कोळ्याला विचारून घ्यावी, आणि भरतीपूर्वी दोन तास जाऊन बसावे. पाणी येताना पाहणे हाच येथला सोहळा आहे. ते एकदम येत नाही. चिखलाचा रंग बदलतो, पक्षी उठतात, आणि पाहता पाहता समोर समुद्र असतो.

आत्याबाईंनी विचारले, "नदी कुठे संपली?" मला दाखवता आले नाही. त्यांनी हळदकुंकू वाहिले, एक बाटली पाणी भरून घेतले आणि ते प्रकाशाच्या घाटावर नेऊन ओतले, असे पुढे पत्रातून कळले. आषाढ शुद्ध सप्तमीला सुरतेत तापीचा जन्मदिवस साजरा होतो व नदीला चुनरी अर्पण करतात. त्या दिवसांत पाहुणे आले, तर हा सोहळा चुकवू नये.

पाहुणा महाराष्ट्रातला असला की शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांचा विषय निघतोच. १६६४ आणि १६७० ही दोन साले त्याला पाठ असतात, आणि शेजारच्या गुजराती बिऱ्हाडासमोर तो ती मोठ्या आवाजात सांगतो, तेव्हा यजमानाची थोडी पंचाईत होते. अशा वेळी त्याला तापीकाठचा डागडुजी केलेला किल्ला दाखवावा आणि हजिऱ्याच्या उत्तरेला सुवालीच्या किनाऱ्यावर न्यावे. मोठी गलबते सुरतेपर्यंत येत नसत. ती सुवालीच्या खाडीत नांगर टाकीत. १६१२ साली इंग्रजांनी पोर्तुगीज आरमाराला तोंड दिले ते येथेच, आणि १६१५ मध्ये जहांगीराच्या दरबारी निघालेला वकील टॉमस रो उतरला तोही येथेच. आज त्या वैभवाची खूण म्हणावी असे तेथे फारसे काही नाही. वाळू आहे, वारा आहे, आणि गर्दी डुमसहून कमी.

परंतु एकच दिवस हाताशी असेल, तर मी दांडीला जाईन. चलथाणहून पलसाणामार्गे नवसारी, आणि नवसारीहून वीस किलोमीटरच्या आत दांडी. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेले गांधीजी ५ एप्रिलला येथे पोहोचले आणि ६ तारखेस सकाळी त्यांनी मीठ उचलले, हे मुले शाळेत शिकतात. त्यांना हे मात्र कुणी सांगत नाही की २ एप्रिलला ती पदयात्रा डिंडोलीतून गेली. डिंडोली! आज जेथे खानदेशी माणसांची एवढी वस्ती आहे, जेथे आपल्यापैकी अनेकांचे काका-मामा राहतात, तीच. आणखी एक गोष्ट सांगावी. त्या पदयात्रेत पंडित नारायण मोरेश्वर खरे होते : विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, साबरमती आश्रमाचे गायक, 'आश्रम भजनावली'चे संपादक. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेची भजने त्यांच्याकडे असत. म्हणजे त्या तीन-साडेतीन आठवड्यांत गुजरातच्या गावोगावी घुमला तो एका मराठी माणसाचा कंठ होता. 'आम्ही पोटासाठी आलो' म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या मुलाला हे कळले, तर डिंडोलीच्या रस्त्याकडे तो निराळ्या नजरेने पाहील.

दांडीत सैफी व्हिला हे गांधीजी राहिले ते घर आहे. बोहरा धर्मगुरूंनी ते १९६१ मध्ये राष्ट्राला दिले. ३० जानेवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या स्मारकात तळ्याकाठी पदयात्रींचे ऐंशी पुतळे ओळीने चालत आहेत, आणि प्रसंगचित्रांची भित्तिशिल्पे वाट दाखवीत जातात. ऊन असताना जाऊ नये; पुतळ्यांना ते सोसते, पाहुण्यांना नाही. सुटीचा वार आधी चौकशी करून ठरवावा. परतताना कराडीस अवश्य थांबावे. मीठ उचलल्यानंतर गांधीजी तेथे झावळ्यांच्या झोपडीत राहिले आणि ४ मेच्या मध्यरात्रीनंतर त्यांना तेथूनच पकडून नेले. स्मारकाच्या भव्यतेपेक्षा कराडीची शांतता मला अधिक बोलकी वाटते.

नवसारीस जेवावे. हे गाव गायकवाडांचे. बडोदे संस्थानच्या एका प्रांताचे मुख्य ठाणे. येथे मराठी कारकून-मामलेदारांचा वावर पिढ्यान्पिढ्या होता, तेव्हा आपण या मुलखात काल आलेले नाही. दस्तुरवाडात जमशेटजी टाटांचे जन्मघर आहे. ते १८३९ चे. पुढे धारासणा. २१ मे १९३० रोजी सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली मिठागराकडे चालत गेलेल्या स्वयंसेवकांनी हात न उचलता लाठ्या खाल्ल्या, आणि वेब मिलर या अमेरिकन वार्ताहराने ती हकीगत जगभर पोहोचवली. दांडीला शंभर माणसे गेली तर येथे एखादा जातो.

हिवाळ्यात आलेल्या पाहुण्याचे भाग्य थोर. सुरतेत कोवळ्या ज्वारीचा पोंक, म्हणजे आपला हुरडाच, शेवेबरोबर मिळतो. डुंगरी-वलसाडच्या बाजूस महामार्गालगत मडकी उलटी घालून भोवती जाळ केलेला दिसला की गाडी थांबवावी. ते उंबाडियू : वालपापडी, कंद, रताळी, हिरवा मसाला, सारे पाल्यात झाकून भाजलेले. रायगडाकडची पोपटी ज्याने खाल्ली आहे, त्याला निराळे सांगणे नको. वलसाडजवळ तीथलचा किनारा, मंदिरे व बसावयाची सोय यांमुळे वृद्ध माणसांना सोयीचा. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी पारनेऱ्याचा डोंगरी किल्ला चढावा. दमणबद्दल मी फार लिहीत नाही. त्याचे नाव निघताच पुरुषमंडळींच्या चेहऱ्यावर जे हसू उमटते, त्याचा इतिहासाशी संबंध नसतो. तरीही मोटी दमणची तटबंदी पाहण्याजोगी आहे. १५५९ ते १९६१ अशी ४०२ वर्षे तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता.

उदवाड्यास पारशांचा पवित्र अग्नी १७४२ पासून तेवत आहे. आत पारशेतरांना प्रवेश नाही. तो मागूही नये. जुन्या लाकडी ओसऱ्यांच्या गल्ल्यांतून फिरावे, समुद्र किनारा कसा खात चालला आहे ते पाहावे. ज्या संजाणला इराणहून आलेले हे लोक पहिल्याने उतरले, तेथे १९२० मध्ये उभारलेला स्तंभ आहे. परक्या मुलखात आलेल्या माणसांनी दुधात साखरेसारखे मिसळून राहण्याचे वचन दिले, ती कथा तेथे मुलांना सांगावी. आपल्या मुलांना ती लवकर कळते.

आणि शेवटी उंबरगाव. १ मे १९६० पर्यंत हा तालुका ठाणे जिल्ह्यात होता. राज्ये वेगळी झाली आणि त्यातली पुष्कळ गावे गुजरातेत आली. येथील माणसे कोठूनही आली नाहीत, सीमाच त्यांच्या अंगणावरून गेली. बाजारात कानावर पडणारी भाषा मराठी की गुजराती हे ठरवता ठरवता वाक्य संपून जाते. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर गाजलेले 'रामायण' याच गावच्या स्टुडिओत चित्रित झाले, हे ऐकून घरातल्या आजीबाई लगेच उठून उभ्या राहतात. उत्तरेस नारगोळचा सुरूच्या झाडांनी भरलेला किनारा आहे. दक्षिणेस महाराष्ट्रात थोड्याच अंतरावर बोर्डी. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहवासात बालशिक्षणाचा पाठ घेतलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तेथे खेड्यातल्या मुलांसाठी काम आरंभले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या, आणि १९५७ मध्ये ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. एका मराठी बाईने गुजरातीतून आणलेले हे लेणे आहे.

परतीचा मार्ग सोपा. उंबरगाव रोड स्थानकावर उधन्यास थांबणारी गाडी धरावी, उधन्याला उतरून ताप्ती व्हॅलीच्या गाडीत बसावे. डावीकडची खिडकी पाहुण्यास द्यावी. संध्याकाळी समुद्र दिसत नाही, पण खाडीच्या पुलांवरून भरतीचे पाणी आत चढताना दिसते. घोलवडचे किंवा अमलसाडचे चिकू मिळाले तर दोन किलो अधिक घ्यावेत, पाहुण्यांना नंदुरबारपर्यंत वाटेत पुरतात.