दृश्यकादंबरीतील कूट आणि कथन

संगणकाच्या पडद्यावर वाचावयाच्या कथेचा एक प्रकार जपानमध्ये १९८० नंतरच्या दोन दशकांत आकारास आला. मागे एखाद्या स्थळाचे चित्र, त्यापुढे पात्रांच्या आकृती, खाली अथवा सबंध पडद्यावर मजकूर, सोबतीस संगीत, आणि मधूनमधून वाचकापुढे ठेवलेला एखादा पर्याय, एवढीच त्याची सामग्री असते. ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ या नावाने रूढ झालेल्या या प्रकारास मराठीत दृश्यकादंबरी म्हणावयास हरकत नसावी. युजी होरी यांचा १९८३ चा ‘पोर्तोपिया’ हा खूनतपासाचा खेळ तिचा पूर्वज मानला जातो. १९९२ मध्ये चुनसॉफ्ट या संस्थेने काढलेल्या ‘ओतोगिरिसो’ने मजकुरास प्राधान्य देणारी घडण रूढ केली. गुप्तहेरकथेच्या घरात जन्मल्यामुळे कोड्याशी या प्रकाराचे नाते आरंभापासूनच आहे. पण ते नाते सुखाचे मात्र नाही.

अडचण काळाची आहे. कादंबरीचे पान वाचकास कधीही उलटता येते. न समजलेल्या परिच्छेदावरूनही पुढे जाता येते. कोडे ही मुभा देत नाही. ते सुटेपर्यंत पुढील पान बंद असते. नायिका मृत्यूच्या दारी उभी असताना वाचक वीस मिनिटे चौकटीतील आकडे जुळवीत बसला, तर कथेतील घाई खोटी ठरते. उलट, कथेचा वेग राखण्यासाठी कोडे अगदी सोपे केले, तर ते कुलूप न राहता केवळ दाराची कडी होते आणि ते ठेवण्याचे प्रयोजनच उरत नाही.

हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले, परंतु तिचा उपयोग त्याने गोष्टीविनोद, गर्दीतील गुप्त संभाषण आणि परव्यामोहन यांपुरताच मानला. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त तर प्रहेलिकेस अलंकाराच्या पंक्तीतूनच उठविले, कारण ती रसास विरोधी आहे. या दोहोंपेक्षा सूक्ष्म कसोटी आनंदवर्धनाची. रसात गढलेल्या कवीला ज्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागत नाही तोच अलंकार ध्वनिकाव्यास मानवतो, असे ‘ध्वन्यालोका’च्या दुसऱ्या उद्योतात त्याने प्रतिपादिले आणि यमकाच्या मालिकेस त्याच कारणास्तव दूर ठेवले. ही कसोटी कवीच्या प्रयत्नाविषयी आहे. ती वाचकाच्या प्रयत्नास लावली, तर दृश्यकादंबरीविषयीचा प्रश्न नेमका मांडता येतो: कोडे सोडविण्याचा प्रयत्न हा कथा समजून घेण्याच्या प्रयत्नाहून वेगळा आहे काय?

वेगळा नसण्याचे उत्तम उदाहरण मराठी वाचकास लहानपणापासून ठाऊक असते. वेताळपंचविशीत प्रत्येक कथेअखेर प्रश्न येतो. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटणार. बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर जाणार. म्हणजे कोडे सुटणे हीच कथेतील घटना आहे, आणि तीही राजाच्या दृष्टीने प्रतिकूल. शेवटच्या प्रश्नास मात्र त्याच्यापाशी उत्तरच नसते. तो खरोखर निरुत्तर होतो आणि त्या मौनानेच कार्य पुढे सरकते. कोडे न सुटणे येथे कथेस उपकारक ठरते. आजच्या फारच थोड्या निर्मात्यांना हे साधले आहे.

मोठ्या संस्थेने केलेला असला तरी या विषयात टाळता न येणारा प्रयोग म्हणजे कोतारो उचिकोशी यांनी लिहिलेली, चुनसॉफ्टने २००९ मध्ये निन्टेन्डो डीएस या दोन पडद्यांच्या यंत्रासाठी काढलेली, नऊ तास, नऊ माणसे आणि नऊ दारे यांची कथा. ‘९९९’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. नऊ माणसे एका जहाजात कोंडली आहेत. प्रत्येकाच्या मनगटावर एक अंक आहे. तीन ते पाच जणांच्या अंकांची बेरीज करावयाची, बेरजेतील अंक पुन्हा मिळवावयाचे, आणि येणारा एकच अंक ज्या दारावर असेल तेच दार त्या गटास उघडते. दोन, पाच आणि सहा यांची बेरीज तेरा. एक आणि तीन मिळून चार. म्हणून दार चौथे. हे गणित शाळकरी मुलासही जमेल. पण कोणी कोणाबरोबर जावयाचे आणि कोणास मागे सोडावयाचे, हा नैतिक प्रश्न त्याच गणितातून उद्भवतो. कूटाचा नियम हाच येथे पात्रांच्या परस्परसंबंधांचा नियम झाला आहे.

दारापलीकडच्या खोल्यांतील कोड्यांविषयी तसे म्हणता येत नाही. खोली तपासावी, वस्तू जमवाव्या, किल्ली शोधावी, असा तो ठरीव क्रम. त्यांपैकी कित्येक कोडी कोणत्याही अन्य कथेत बसविली असती तरी चालले असते. शिवाय कथेस सहा शेवट आहेत आणि खरा शेवट गाठण्यासाठी ती पुनःपुन्हा वाचावी लागते. मूळ आवृत्तीत वाचलेला मजकूर वेगाने पुढे ढकलता येत असे, पण एकदा सोडविलेले कोडे पुन्हा सोडवावे लागे. दुसऱ्या वेळी ते कोडे नसते, हमाली असते. २०१२ च्या उत्तरभागात उचिकोशींनी कथेच्या शाखांचा नकाशाच वाचकाच्या हाती दिला आणि हव्या त्या ठिकाणी थेट जाण्याची सोय केली.

तरीही ‘९९९’च्या शेवटी जे घडते त्याने मागील सर्व श्रमांचा अर्थ बदलतो. वरच्या पडद्यावर संवाद आणि खालच्या पडद्यावर निवेदन, ही मांडणी वाचकाने केवळ यंत्राची सोय म्हणून स्वीकारलेली असते. अखेरीस उलगडते की खालचा पडदा नायकाचा नव्हताच. तो नऊ वर्षांपूर्वी त्याच संकटात सापडलेल्या एका मुलीचा होता, आणि खोल्यांतील कोडी वाचक त्याच खालच्या पडद्यावर सोडवीत आला होता. शेवटचे अंकांचे कोडे तिच्या जिवासाठी सोडवावयाचे असते. २०१४ मध्ये आयफोनसाठी आलेल्या इंग्रजी आवृत्तीत खोल्यांतून सुटकेची कोडी गाळली गेली. कथानक समजते, संवाद तेच राहतात. पण वाचकाने स्वतःच्या हाताने केलेल्या कामाचा धनी भलताच होता, हा धक्का तेथे उरत नाही. वरवर कंटाळवाणी वाटणारी कोडीही कथेस काय पुरवीत होती, हे ती काढून टाकल्यावरच स्पष्ट व्हावे, ही गोष्ट अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

स्वतंत्र निर्मात्यांचा मार्ग याहून निराळा आहे, आणि त्याचे कारण प्रथमतः आर्थिक आहे. टोकियोच्या कॉमिकेट मेळ्यात ‘सेव्हन्थ एक्स्पान्शन’ या छोट्या गटाने २००२ च्या उन्हाळ्यात ‘हिगुराशी नो नाकू कोरो नी’चा पहिला भाग विकावयास ठेवला. एका खेड्यात दरवर्षी उत्सवाच्या रात्री होणारे मृत्यू हा तिचा विषय. लेखक र्युकिशी ०७ यांनी चित्रेही स्वतःच काढली. या कादंबरीत वाचकापुढे पर्याय जवळजवळ येतच नाहीत. चार प्रश्नभाग आणि चार उत्तरभाग अशी तिची रचना असून शेवटचा भाग २००६ मध्ये आला. कोडे पडद्यावर नव्हतेच. ते दोन भागांमधील महिन्यांत होते. वाचक तर्क करीत, वाद घालीत, आणि पुढील भाग त्या तर्कांना खोडून काढी. त्याच लेखकाच्या ‘उमिनेको’त (२००७–२०१०) तांबड्या अक्षरांत लिहिलेले विधान सत्यच मानावयाचे, असा संकेत आहे. केवळ अक्षराच्या रंगाने तर्काचा पाया मिळतो; यंत्रणा म्हणून काही रचावे लागत नाही. अर्थात आज ही मालिका सलग वाचणाऱ्यास मधले महिने मिळत नाहीत, आणि उत्तर पुढच्याच भागात असताना स्वतः विचार करीत थांबणारा वाचक विरळा. कोड्यास लागणारा काळ प्रकाशनाच्या पद्धतीतून आला होता. ग्रंथ पूर्ण होताच तो नाहीसा झाला.

अमेरिकेत डॅन सल्वाटो यांच्या गटाने २०१७ मध्ये विनामूल्य प्रसिद्ध केलेल्या ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’मध्ये वीस शब्द निवडून कविता करण्याचा एक किरकोळ खेळ आहे. कोणता शब्द कोणत्या मुलीस रुचेल, एवढेच ओळखावयाचे. खेळ मुद्दामच बाळबोध आहे. पुढे कथाच त्यास विकृत करते. खरे कोडे शेवटी येते: मोनिका या पात्राच्या नावाची धारिका संगणकातून वाचकाने स्वतः पुसून टाकावयाची असते. पुसणे हे उत्तरही आहे आणि कृत्यही. ‘ध्वन्यालोका’तून घेतलेली कसोटी येथे पुरेपूर उतरते.

झॅकट्रॉनिक्स या अमेरिकन संस्थेचे उदाहरण सर्वांत बोधप्रद, कारण ती कोड्यांसाठीच नावाजलेली होती. ‘शेन्झेन आय/ओ’ (२०१६) आणि ‘ओपस मॅग्नम’ (२०१७) या तिच्या खेळांत यंत्ररचनेची अवघड कोडी मुख्य असून कथा त्यांच्या फटींतून डोकावते. २०२२ मध्ये नवे खेळ काढणे थांबविण्यापूर्वी, २०१९ साली, याच संस्थेने मॅथ्यू सेजी बर्न्स यांनी लिहिलेली ‘एलायझा’ ही दृश्यकादंबरी प्रसिद्ध केली आणि तीत कोडी जवळजवळ ठेवलीच नाहीत. जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये एमआयटीत जाहीर केलेल्या संभाषणयंत्रावरून हे नाव घेतले आहे. सिॲटलमधील एव्हलिन ही अभियंती, मनोरुग्णांशी बोलणारे जे यंत्र घडविण्यात तिचा हात होता, त्याचेच ‘मुख’ म्हणून नोकरीस लागते. समोर दुःखी माणूस. यंत्र वाक्य पुरविते. एव्हलिनने ते जसेच्या तसे उच्चारावयाचे. तेथे वाचकापुढे पर्यायांची यादी येते, पण यादीत वाक्य एकच असते. पर्याय निवडण्याच्या सवयीने आलेल्या हातास ही एकमेव ओळ जी अस्वस्थता देते, ती पानभर वर्णनाने साधली नसती. पुढे एकदा लिहून दिलेल्या वाक्यापासून दूर जाण्याची संधी मिळते, तेव्हा तिचे वजन आधीच्या या नाकेबंदीमुळेच जाणवते.

एव्हलिनच्या खिशातील दूरध्वनीत चाळीस पत्त्यांचा एकट्याने खेळावयाचा डाव आहे. तो कथेस अडवीत नाही, पुढेही नेत नाही. वाटेल तेव्हा उघडावा, वाटेल तेव्हा मिटावा. तरीही तो कथेबाहेरचा वाटत नाही. थकलेली, निर्णय टाळणारी बाई फोनवर पत्ते लावीत बसणार हे स्वाभाविक आहे, आणि वाचकही तेवढा वेळ निर्णय टाळीत असतो.

असा संयम छोट्या गटांत सहसा दिसत नाही, हे मान्य केले पाहिजे. २००४ पासून उपलब्ध असलेल्या रेन्पाय या विनामूल्य साधनाने एकट्या लेखकासही दृश्यकादंबरी रचणे शक्य केले. पण त्या साधनात मजकूर आणि पर्याय यांची सोय तयार आहे, कोड्याची नाही. ते वेगळे बांधावे लागते, तपासावे लागते, आणि वाचक कोठे अडेल याची अटकळ करावी लागते. मग सरकत्या चौकटी किंवा तुकडे जुळविण्याचे आयते कोडे उचलून आणले जाते, आणि तक्रार आल्यावर ‘वगळा’ अशी कळ जोडली जाते. ही कळ असावी की नसावी यावर निर्मात्यांत मतभेद आहेत. त्याआधीचा प्रश्न साधा आहे: ती दाबून पुढे गेलेल्या वाचकाच्या कथेत काय उणे राहते? काहीच उणे राहत नसेल, तर त्या कोड्यावर खर्च झालेले महिने लेखनास मिळावयास हवे होते.