समुद्र ओलांडला, गावकूस राहिली

माझे आजोबा मुंबईच्या गिरणीत आणि आजी गावी. त्यांचा संसार मनिऑर्डरीवर आणि पोस्टकार्डावर चालला. म्हणून इंग्लंडला गेलेल्या पंजाबी दलित कामगारांविषयी वाचताना ती माणसे मला परकी वाटली नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला मजूर कमी पडू लागले. जालंधर-होशियारपूरच्या दोआबातून जी माणसे तिकडे गेली, त्यांत जाट शेतकरी होते, तसे आदिधर्मी दलितही होते. वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅमच्या ओतकामाच्या कारखान्यांत गोऱ्यांना नको असलेले भट्टीचे काम त्यांच्या वाट्याला आले. एकेका घरात पुष्कळ जण राहत. दिवसपाळीचा माणूस उठला की रातपाळीचा त्याच अंथरुणात शिरे. चार पैसे गाठीला बांधून परतायचे, असाच बहुतेकांचा हिशेब होता.

हा हिशेब १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतरित कायद्याने मोडला. १ जुलैपासून कामासाठी येणाऱ्याला परवाना लागू लागला. गावी गेलो तर पुन्हा येऊ देतील, याची खात्री उरली नाही. बायको आणि सोळा वर्षांखालील मुले मात्र येऊ शकत होती. तेव्हा माणसे थोपविण्यासाठी केलेल्या कायद्यामुळेच ही माणसे तिथे स्थायिक झाली व त्यांनी कुटुंबे बोलावली. पण हे येणेही सन्मानाचे नव्हते. लग्नासाठी आलेल्या एका भारतीय स्त्रीची लंडनच्या विमानतळावर कौमार्यतपासणी झाल्याचे १९७९ साली उघड झाले.

पुढचा भाग आपण नीट समजून घेतला पाहिजे. एकटे पुरुष एका चुलीवरचे खात होते. बायकामुले आली, घर झाले. घरामागून सोयरीक आली, आणि सोयरिकीबरोबर जात आली. गुरुद्वाऱ्यांतही जाटांचे वर्चस्व होते. तेव्हा दलितांनी रविदासांच्या नावाने स्वतःची मंदिरे व बाबासाहेबांच्या नावाने संस्था उभ्या केल्या. तिथले त्यांचे नवे आयुष्य या संघटनेतून उभे राहिले.

तिथल्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची मुभा सरकारला होती. २०१३ साली संसदेने ते बंधनकारक केले. २०१८ साली सरकारने तसा कायदा न करण्याचे ठरविले.

धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल, म्हणून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणाई खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. यंत्राने जात मोडली नाही, तशी बोटीनेही मोडली नाही. ताटातूट संपली तरी लढा संपत नाही, हे स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक दलिताने गाठीला बांधावे.