शनिवारवाडा गेला अस्वलांच्या समुद्रात!

दोस्तांनो, घरातल्या कुणाचा तरी मोबाईल पाच मिनिटं मागून घ्या. नकाशाचं ॲप उघडा आणि शोधायच्या चौकटीत हे दोन आकडे इंग्रजी अंकांत टाका : १८.५२, ७३.८६. मध्ये स्वल्पविराम द्यायला विसरू नका. काय दिसलं? पुणे! तिथून शनिवारवाडा पाच-सात मिनिटांच्या चालीवर.

आता तेच आकडे उलटे टाका. आधी ७३.८६, मग १८.५२.

बघा, बघा, नकाशा कसा सुसाट वर निघाला! भारत गेला, रशिया गेला... आणि थांबला कुठे, तर निळ्याशार पाण्यात. आसपास एक घर नाही की एक रस्ता नाही. ही आहे बॅरेंट्स समुद्राची पश्चिमेकडची कड, नॉर्वेच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेला. नकाशा थोडा लहान करून पाहिलात, तर पन्नास-साठ किलोमीटरवर एक इवलंसं बेट दिसेल. नॉर्वेचे लोक त्याला ब्योर्नोया म्हणतात. ब्योर्नोया म्हणजे अस्वलांचं बेट! १५९६ साली विलेम बॅरेंट्स नावाचा डच दर्यावर्दी तिथे पोहोचला, तेव्हा त्याच्या खलाशांना पाण्यात पोहणारं पांढरं अस्वल दिसलं, म्हणून हे नाव पडलं. आणि त्या समुद्राला नाव मिळालं बॅरेंट्सचं.

म्हणजे आपण एकही आकडा बदलला नाही, फक्त जागांची अदलाबदल केली, आणि पेशव्यांचा वाडा पांढऱ्या अस्वलांच्या शेजारी जाऊन बसला. मला तर ही गोष्ट दर वेळी नवी वाटते. नागपूरकरांनी आपले आकडे उलटे टाकून पाहावेत (२१.१५, ७९.०९). तुम्ही आणखी वर, स्वालबार्डच्या बर्फाळ बेटांच्या घोळक्यात जाऊन पडाल!

असं का होतं? पहिला आकडा अक्षांश, म्हणजे विषुववृत्तापासून किती वर किंवा खाली. दुसरा रेखांश, म्हणजे इंग्लंडमधल्या ग्रिनिचच्या रेषेपासून किती पूर्वेला किंवा पश्चिमेला. हे आपण भूगोलात शिकलोय. पण संगणकाला नुसतं '१८.५२, ७३.८६' दिलं, तर त्यातला अक्षांश कोणता हे त्याला कसं कळणार? आकड्यांच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं.

गंमत म्हणजे आसाममधल्या गुवाहाटीच्या मुलांनी हाच उद्योग केला, तर त्यांची चूक पकडता येते. गुवाहाटीचा रेखांश आहे ९१.७ अंशांच्या आसपास. तो अक्षांशाच्या जागी गेला की भानगड उघडी पडते, कारण अक्षांश ९०च्या पुढे जाऊच शकत नाही. ९० अंशांवर उत्तर ध्रुव आला, पृथ्वी संपली! पण महाराष्ट्रातले सगळे रेखांश ७२ ते ८१ अंशांच्या दरम्यान आहेत. ते अक्षांश म्हणूनही अगदी साळसूद दिसतात. संगणक कुरकुर न करता आपल्याला ध्रुवाकडे पाठवून देतो. जी चूक चुकीसारखी दिसतच नाही, ती सगळ्यात वाईट.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांनी अक्षांशच आधी लिहावा की! झालं, मिटलं! पण इथे दोन जुन्या सवयी एकमेकींसमोर उभ्या आहेत. दर्यावर्दी लोक शतकानुशतकं अक्षांश आधी सांगत आले. रात्री ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर दिसतो ते मोजलं की अक्षांश कळतो. रेखांश मात्र महाकठीण. भर समुद्रात रेखांश काढायचा, तर बरोबर वेळ दाखवणारं घड्याळ हवं, आणि डोलत्या जहाजावरही न चुकणारं घड्याळ अठराव्या शतकापर्यंत कुणाला जमलं नव्हतं. जो आकडा आधी कळायचा, तो आधी लिहायचा अशी सवय पडली.

दुसरी सवय तुमच्याच गणिताच्या वहीत आहे. आलेख काढताना आपण आधी काय लिहितो? आडवा क्ष, मग उभा य. नकाशावर आडव्या दिशेने वाढतो तो रेखांश. म्हणून संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या अनेकांना रेखांश आधी लिहिणं सोपं वाटतं. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर! भांडून कुणी हरणार नाही. मग करायचं काय? एकत्र बसायचं, एक काहीतरी ठरवायचं, ते लिहून काढायचं आणि तो कागद सगळ्यांना फुकट वाचता येईल असा ठेवायचा. या लिहून ठेवलेल्या ठरावाला म्हणतात खुलं मानक.

नकाशातल्या जागांची माहिती लिहिण्याची 'जिओजेसन' नावाची एक पद्धत आहे. काही प्रोग्रॅमर मंडळींनी आपसांत चर्चा करून २००८ साली ती तयार केली आणि २०१६च्या ऑगस्टमध्ये तिला इंटरनेटच्या अधिकृत मानकांत जागा मिळाली. त्यात स्पष्ट लिहिलंय की आधी रेखांश, मग अक्षांश. म्हणजे तुमच्या मोबाईलच्या शोधचौकटीच्या बरोबर उलट! हे वाचून डोकं खाजवू नका. नियम कोणता यापेक्षा तो लिहिलेला आहे आणि कुणालाही तपासता येतो, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

पण ठरवायच्या गोष्टी क्रमावर संपत नाहीत. पृथ्वी कुठली, हेसुद्धा ठरवावं लागतं!

हसू नका. पृथ्वी गुळगुळीत चेंडू नाही. ती मध्यावर किंचित फुगलेली, ध्रुवांकडे किंचित चपटी. नकाशा काढण्यासाठी तिचा एक सोपा, गणितात मावणारा आकार मानावा लागतो. आपल्याकडे भारताच्या मोजणीचं प्रचंड काम १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन यांनी सुरू केलं आणि पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नेलं. १८३० साली एव्हरेस्ट यांनी मांडलेल्या आकारात विषुववृत्तापाशी पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७७.२८ किलोमीटर धरली होती. आजचं जीपीएस जो आकार मानतं, त्यात ती ६,३७८.१४ किलोमीटर आहे. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्टच्या पृथ्वीवर काढलेले, आणि तुमचा मोबाईल चालतो जीपीएसच्या पृथ्वीवर. मोबाईलचे आकडे तसेच उचलून जुन्या नकाशावर ठेवले, तर महाराष्ट्रात जागा शंभरेक मीटर सरकते. तुमची शाळा रस्त्याच्या पलीकडे जाते! म्हणून जिओजेसनच्या मानकात पृथ्वीचा आकारही पक्का करून टाकलाय : जीपीएसवाला.

उंचीचं तर विचारूच नका. उंचीची माझी सगळ्यात आवडती गोष्ट युरोपातली आहे. ऱ्हाईन नदीच्या एका काठावर जर्मनीतलं लाउफेनबुर्ग आणि दुसऱ्या काठावर स्वित्झर्लंडमधलं लाउफेनबुर्ग. गावाचं नाव एकच, देश दोन. २००३-०४मध्ये या दोघांमध्ये नवा पूल बांधायला घेतला. दोन्ही बाजूंनी काम सुरू झालं. आपण म्हणतो ना, 'समुद्रसपाटीपासून इतके मीटर उंच'? पण कुठला समुद्र? जर्मनी उंची मोजते उत्तर समुद्रापासून आणि स्वित्झर्लंड भूमध्य समुद्रापासून. या दोन शून्यांमध्ये २७ सेंटीमीटरचा फरक आहे.

पुलाच्या अभियंत्यांना हा फरक माहीत नव्हता का? चांगला माहीत होता! त्यांनी तो हिशेबात धरलासुद्धा. पण बेरीज करायची तिथे वजाबाकी झाली. २७ सेंटीमीटर मिटायचे राहिले बाजूला, ते दुप्पट झाले. एक बाजू दुसरीपेक्षा ५४ सेंटीमीटरनी वर! तुमच्या वर्गातली मोठी पट्टी ३० सेंटीमीटरची असते. तशा जवळजवळ दोन पट्ट्या एकीवर एक उभ्या करा, म्हणजे अंदाज येईल. शेवटी जर्मन बाजूचं काम दुरुस्त करून घ्यावं लागलं. आकडे दोघांचेही खरे होते. 'कुठल्या समुद्रापासून' आणि 'अधिक की उणे' हे दोन प्रश्न आकड्यांसोबत नीट चालत आले नाहीत, एवढंच.

आता विचार करा. एका पुलाला दोन देश. पण पूर आला की माहिती किती ठिकाणांहून आणावी लागते! नद्यांचा नकाशा एका खात्याकडे, शाळांची यादी दुसऱ्याकडे, पावसाचे आकडे तिसऱ्याकडे. प्रत्येकाचा संगणक वेगळा, प्रोग्रॅम वेगळा. पूर्वी एका प्रोग्रॅममधला नकाशा दुसऱ्यात उघडायचा म्हणजे डोकेदुखी असायची. म्हणून १९९४ साली सरकारी खाती, विद्यापीठं आणि कंपन्या यांनी मिळून एक संस्था काढली. आज तिचं नाव आहे ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम. एरवी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या तिथे एका टेबलाशी बसतात आणि संगणकांनी एकमेकांशी कसं बोलायचं ते ठरवतात.

त्यांनी २००० साली ठरवलेली एक पद्धत तर फार गोड आहे. तुमचा संगणक नकाशे देणाऱ्या संगणकाला आधी विचारतो, "तुझ्याकडे काय काय आहे?" तो यादी पाठवतो : नद्या, रस्ते, जंगलं... मग तुमचा संगणक म्हणतो, "मला या चौकोनातल्या फक्त नद्या दे. चित्र आठशे ठिपके रुंद आणि सहाशे ठिपके उंच हवं." लगेच चित्र येतं. तसंच दुसऱ्या खात्याकडून त्याच चौकोनातल्या शाळा मागवायच्या, तिसऱ्याकडून पाऊस. चित्रकलेच्या तासाला आपण ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवतो, तशी ती एकमेकांवर ठेवायची. कुठली शाळा नदीच्या किती जवळ आहे, हे डोळ्यांना दिसतं. आपल्या इस्रोचं 'भुवन' हे नकाशांचं दालनही याच पद्धतीने नकाशे देतं. आणि हो, या पद्धतीच्या पुढच्या आवृत्तीत अक्षांश-रेखांशाचा क्रम बदलला, तेव्हा मोठमोठ्या तज्ज्ञांचे नकाशेही आडवे-उभे झाले. तेव्हा तुमचा शनिवारवाडा समुद्रात पडला, तर मुळीच लाजू नका!

एक शेवटची गोष्ट, बसची. अमेरिकेत पोर्टलंड नावाचं शहर आहे. तिथल्या बससेवेत काम करणाऱ्या बिबियाना मॅकह्यू यांना प्रश्न पडला की गाडीने कसं जायचं हे इंटरनेटवर झटकन कळतं, मग बसने कसं जायचं ते का कळू नये? त्यांनी गूगलशी बोलणं लावलं, आणि २००५ साली बसचे थांबे आणि वेळा लिहिण्याची एक साधी पद्धत तयार झाली. नुसते तक्ते, स्वल्पविरामांनी तोडलेले. थांब्यांच्या तक्त्यात अक्षांशाचा रकाना वेगळा, रेखांशाचा वेगळा, आणि प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर त्याचं नाव! इथे क्रमाचं भांडणच उरत नाही. मला हा उपाय सगळ्यात शहाणा वाटतो.

या तक्त्यांत कधीकधी बसची वेळ २५ वाजून १० मिनिटं अशी लिहिलेली असते. दिवसाचे तास तर २४च! पण सोमवारी रात्री सुरू झालेली फेरी मध्यरात्रीनंतर १ वाजून १० मिनिटांनी थांब्यावर आली, तर ती मंगळवारची नाही, सोमवारचीच धरायची. मग २४ अधिक १ बरोबर २५. किती सोपी युक्ती! आज जगभरातल्या हजारो बस आणि रेल्वे सेवा आपली वेळापत्रकं अशी लिहितात. आपल्या देशात कोची मेट्रोने २०१८ साली आपली माहिती याच पद्धतीने सगळ्यांसाठी खुली केली.

आता तुमची पाळी. नकाशावर तुमची शाळा शोधा आणि तिथे बोट दाबून धरा. दोन आकडे येतील. ते वहीत उतरवून घ्या. गावातली विहीर, ग्रंथालय, दवाखाना, बसथांबा यांचेही आकडे घ्या आणि तक्ता करा. रकान्यांवर 'अक्षांश' आणि 'रेखांश' लिहा, खाली तारीख टाका आणि आकडे कशावरून घेतले तेही नोंदवा. मग ती वही दुसऱ्या गावातल्या मित्राला द्या आणि तुम्हाला काहीही न विचारता तुमची विहीर त्याला नकाशावर सापडते का, ते आम्हाला कळवा.